राजघराण्याचं धुणं

शिकागोच्या डेव्हन ॲव्हेन्यूवर कुणालाही विचारा, पांढऱ्या शर्टाला इस्त्री कुणाची? माझंच दुकान दाखवतील. मी शाळा सातवीत सोडली, पण कापड हातात घेतलं की ते कुणी घातलं, कुठे घातलं आणि किती दिवस न धुता घातलं, हे मी सांगतो. मोठमोठे डॉक्टर माझ्या काउंटरपुढे उभे राहतात आणि मी त्यांच्या कॉलरच्या आतल्या बाजूकडे बघून गप्प बसतो. आम्ही परीट. सांगलीच्या घाटावर आमच्या चार पिढ्या गेल्या. इथे येऊन पुष्कळांनी आपलं गाव, वडलांचा धंदा, सगळं गिळून टाकलं. मी दुकानाच्या काचेवर लिहून ठेवलंय.

तरी आमच्या घरात कापडाला खरा हात माझा नाही. तो माझ्या धाकट्या बहिणीचा, सुमित्राचा. हे मी तोंडानं कधी म्हणत नाही, आज लिहितोय. लिहायचं कारण एवढंच की आमच्या इथल्या मराठी मंडळात अजून लोक तिच्याबद्दल अर्धंमुर्धं बोलतात. 'म्युझियममधला राणीचा कपडा हिनं खराब केला, म्हणून काढून टाकली.' खराब केला म्हणणाऱ्यांनी तो कपडा बघितलेलासुद्धा नाही. मी बघितलाय.

माझी बायको लतिका नर्स आहे. तिच्या नोकरीवर आम्ही चौऱ्याहत्तर साली शिकागोला आलो. ती हॉस्पिटलात, मी एका पोलिश म्हाताऱ्याच्या ड्रायक्लीनिंगच्या दुकानात इस्त्रीवर. म्हातारा थकला तेव्हा त्यानं पोटच्या पोराला सोडून दुकान मला दिलं. हात बघून दिलं, उगाच नाही.

तिकडे सुमीचं लग्न मिरजेला झालं होतं. तिचं पहिलं बाळ बारशाच्या आधीच गेलं. सासरच्यांनी तिला चार दिवस आराम म्हणून माहेरी धाडली आणि परत नेलीच नाही. मी इथे, मला हे सगळं तुकड्यातुकड्यानं कळलं. आईनं शेजारच्या मास्तरांकडून पत्रात एवढंच लिहून घेतलं होतं, सुमी बोलत नाही, नुसती धुणं धुते. मी सिटिझन झाल्याझाल्या तिचे कागद केले आणि ब्याऐंशी साली तिला इकडे आणली.

पहिल्या दिवशी दुकानात आली आणि मशीनकडे बघून म्हणाली, "दादा, पाणी कुठंय?"

"ड्रायक्लीनिंग आहे बाई. पाणी नसतं त्यात."

"मग धुतो कशाला म्हणतोस?"

काउंटरवरची एक गिऱ्हाईक गुजराती बाई होती, तिला मराठी कळत होतं. ती इतकी हसली की मला राग आला. पण सुमी बोलली होती. आल्यापासून पहिल्यांदा आपणहून बोलली होती. मी राग गिळला.

मागच्या खोलीत मी तिला एक सिंक करून दिलं. मशीनला जे जमत नाही ते तिच्याकडे. लेस, जुन्या साड्या, चर्चमधले टेबलावरचे कपडे. कोवाल्स्की बाई आमच्याकडे आल्या त्या असल्याच एका कपड्यासाठी. त्यांच्या आजीनं विणलेलं लेसचं टेबलक्लॉथ, त्यावर चहा सांडलेला. सुमीनं ते कसं काढलं ते मला विचारू नका. बाई घ्यायला आल्या, कपडा खिडकीशी नेऊन उजेडात धरला आणि म्हणाल्या, "हे कुणी केलं?"

मी म्हटलं, "माय सिस्टर. फोर जनरेशन्स."

ह्या कोवाल्स्की बाई तळ्याच्या बाजूला एका जुन्या हवेलीतल्या म्युझियममध्ये होत्या. कुणा मांसाच्या धंद्यातल्या श्रीमंत घराण्यानं युरोपातून पेट्याच्या पेट्या भरून राजेराण्यांचे जुने कपडे आणले होते, ते तिथे ठेवलेत. कपड्यांची सगळी व्यवस्था बाईंकडे. त्यांनी सुमीला मदतनीस म्हणून नेलं. आधी आठवड्यातून दोन दिवस, मग रोज.

संध्याकाळी सुमी घरी आली की आमच्या जेवणाच्या टेबलावर युरोपातली राजघराणी यायची. माझी मुलगी दीपा तेव्हा नऊ वर्षांची. ती ताट पुढ्यात घेऊन वाटच बघायची.

"आत्या, टेल अबाउट द किंग्ज."

"तुझे किंग्ज आंघोळ करत नव्हते," सुमी म्हणायची. "त्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, गरम पाण्यानं कातडीची भोकं उघडतात आणि रोग आत शिरतो. मग तोंड-हात धुवायचे, बाकी अंग कोरड्या कपड्यानं पुसून काढायचं. वर अत्तर."

"यक! दॅट्स सो ग्रोस!"

"थांब की. आतला शर्ट मात्र पांढराशुभ्र. जवसाच्या झाडापासून काढलेलं कापड, लिनन. दिवसातून दोनदोन, तीनतीनदा बदलायचे. त्यांचं म्हणणं, घाम आणि मळ सगळा लिनन ओढून घेतं, शर्ट बदलला की अंग स्वच्छ. फ्रान्सच्या राजाला तर सकाळी शर्ट हातात द्यायला मोठमोठे सरदार उभे असायचे. कुणी द्यायचा ह्यावरून मानापमान."

"आणि वरचे जरीचे झगे?" लतिकानं विचारलं.

"ते जन्मात धुवायचे नाहीत. पाण्यात घातले तर संपलेच. ब्रश मारायचा, आत गळ्याला आणि काखेला लिनन लावायचं, आणि कंटाळा आला की झगा दासीला नाहीतर मानकरणीला देऊन टाकायचा."

मी म्हटलं, "ह्यात नवीन काय? आपल्याकडचे भटजी रेशमी कद नेसून पूजा करायचे. तो कद कधी आला होता का आपल्याकडे? धोतर रोज यायचं. आणि आपण धुतलेलं धोतर घरी नेऊन परत एकदा पाण्यातून काढायचे, आपला हात लागला म्हणून."

"तिकडे परत पाण्यातून काढत नव्हते दादा," सुमी म्हणाली. "धोबिणीनं आणलं की सरळ राजाच्या अंगावर."

हे वाक्य मी किती जणांना सांगितलं असेल!

म्युझियममधलं काम म्हणजे उलटंच. तिथे धुवायचं नाही हेच जास्त शिकवतात. मऊ ब्रशनं धूळ काढा, आम्ल नसलेल्या कागदात गुंडाळा, घडीवर घडी येऊ देऊ नका. डाग असला तर असू द्या. सुमी म्हणायची, "दादा, माझे हात शिवशिवतात. एवढे डाग आणि मी नुसती बघत बसते." पण ती शिकली. कुठल्या कुठल्या राजवाड्याच्या शर्टांच्या टोकाला लाल दोऱ्यानं बारीक मुकुट आणि नंबर भरलेला असतो, तो तिनं पहिल्याच महिन्यात हुडकून बाईंना दाखवला. आमचे वडील बिब्ब्यानं कपड्याला खूण करायचे तसंच, कुणाचं कापड कुणाकडे जाऊ नये म्हणून. बाईंना ते माहीत होतंच, पण त्या म्हणाल्या, "तुला न सांगता दिसलं, हे मी लक्षात ठेवीन."

त्यांनी ठेवलं. शहाऐंशीच्या सुरुवातीला त्यांनी सुमीला सांगितलं, ह्या वर्षी आपण राजघराण्यांच्या कपड्यांचं आणि स्वच्छतेचं मोठं प्रदर्शन भरवतोय, ते उघडलं की ट्रस्टींपुढे तुझं नाव ठेवते. असिस्टंट म्हणून कायम. वर्करूमची किल्ली तुझ्याकडे राहील, नावाची पाटी, सगळं.

सुमीला त्या किल्लीचं फार अप्रूप होतं. माझ्या घरात तिला काही कमी नव्हतं, पण मिरजेहून परत आल्यापासून ती कुणाच्या ना कुणाच्या घरात होती. आधी आईच्या, मग माझ्या. कायम झाली की मी जवळच एक खोली घेईन म्हणाली. मी म्हटलं कशाला? लतिका मला म्हणाली, "घेऊ दे. तुम्हाला नाही कळायचं."

आणि मी? मी मंडळाच्या संक्रांतीच्या तिळगुळाला, हायस्कूलच्या जिममध्ये, सगळ्यांना सांगून मोकळा झालो. डॉक्टर गिरीश हसत हसत म्हणाले, "काय हो, बहीण राणीचे कपडे धुते म्हणे तुमची?"

"धूत नाही डॉक्टर, सांभाळते," मी म्हटलं. "धुवायला तुमचे आहेत."

तिळगूळ वाटत असलेल्या रेखा वहिनींच्या हातून डबा पडायचा राहिला. डॉक्टरही हसले. पण सगळ्यांना कळलं, परटाची मुलगी म्युझियममध्ये ऑफिसर होणार.

मे महिन्यात तो झगा निघाला.

एका पेटीच्या तळाशी कागदात गुंडाळलेला. लिननचा, ढगळ, गुडघ्याखाली येणारा, अंगाला लागून आत घालायचा. कुठल्याशा छोट्या जर्मन राज्याची राणी, वीस-बावीसची पोर. तिचं नाव मला अजून नीट उच्चारता येत नाही. कोवाल्स्की बाई त्या दिवशी आनंदानं नाचायच्या बाकी होत्या. सुमी मात्र घरी आली ती ताटावर नुसती बसली.

"काय झालं ग?" लतिकानं विचारलं.

"वैनी, तिकडे राणीला बाळ झालं की तिनं पाजायचं नाही. लगेच दाई. राणीची छाती कपड्यानं आवळून बांधायचे, दूध आटावं म्हणून." तिनं ताट बाजूला सारलं. "पण दूध कुणाचं ऐकतं?"

लतिकानं चमचा खाली ठेवला.

"आलं दूध. झग्याला लागलं. इथे, आणि इथे. पिवळे डाग आहेत, मोठे. अजून आहेत."

"आणि बाळ?"

"गेलं. महिन्याच्या आतच गेलं, असं कागदात आहे. नंतर हीपण फार नाही जगली. झगा तसाच राहिला, धुवायला गेलाच नाही."

मी आपला कारागीर माणूस. मी विचारलं, "निघेल का डाग? जुनं दूध म्हणजे चिकट काम."

"काढायचा नाहीये दादा. दाखवायचाय."

मग तिनं सांगितलं. झगा मधल्या मोठ्या काचेत एकटा ठेवायचा. वरून दिवा. भिंतीवर डागाचा मोठा फोटो आणि खाली लिहायचं, हा डाग कसला ते. बाईंचं म्हणणं, बाकीचे सगळे कपडे धुतलेले, त्यातून माणूस दिसत नाही, ह्यातून ती बाई दिसते. म्हणून ह्याच्यावर पाण्याचा थेंबसुद्धा पडता कामा नये.

आता इथे आमच्या आईबद्दल सांगायला पाहिजे, नाहीतर पुढचं कळणार नाही. गावातल्या बाळंतिणींचे कपडे आई धुवायची. ते काम दुसरं कुणी करत नसे, विटाळ म्हणून. आई ते घाटाच्या पार टोकाला, लोक यायच्या आत धुवायची. तिचा एकच कायदा होता, बाळंतिणीच्या कापडावरचा डाग परक्या नजरेला पडता कामा नये. कुणाला दूध येत नाही, कुणाचं रक्त थांबत नाही, कुणाचं मूल गेलं तरी दूध वाहतंय, हे आईला कापडावरून कळायचं. नवऱ्याला कळायच्या आधी कळायचं. आणि तिच्या तोंडून ते कधी बाहेर पडलं नाही. वडलांनासुद्धा नाही. म्हणून तर बायका तिच्यावर विसंबून गाठोडं टाकायच्या. सुमी लहानपणापासून आईबरोबर त्याच टोकाला बसून धुतलेली.

"आईनं असलं काही दोरीवरसुद्धा टाकलं नसतं," सुमी म्हणाली.

"बाईंशी बोल तू," लतिका म्हणाली.

"बोलले. त्या म्हणाल्या, तिला जाऊन दोनशे वर्षं झाली, आता लाज कुणाला वाटणार? वाईट बोलल्या नाहीत. समजुतीनं बोलल्या."

मी म्हटलं, "सुमे, त्यांचं म्युझियम, त्यांची राणी. थोडे दिवस गप्प राहा. कायम झालीस की मग काय बोलायचं ते बोल."

"हं," ती म्हणाली आणि ताट उचलून गेली.

जून महिन्यात कोवाल्स्की बाई प्रदर्शनासाठी अत्तर लावलेले काही जुने हातमोजे आणायला न्यूयॉर्कला गेल्या. आणि सुमीनं झगा धुतला.

चोरून नाही धुतला. दिवसाढवळ्या, वर्करूममध्ये, दार उघडं ठेवून. बाईंनीच शिकवलेल्या पद्धतीनं. सपाट ट्रे, जाळीवर कपडा, शुद्ध केलेलं पाणी, तळहातानं नुसतं दाबायचं. पाणी पिवळं झालं की बदलायचं. डाग हलला, पण गेला नाही. मग तिनं आईची पद्धत काढली. ओला झगा मागच्या हिरवळीवर चादर टाकून त्यावर पसरला आणि उन्हात त्याच्याशेजारी बसून राहिली. सुकत आला की पाणी शिंपडायचं, सुकत आला की शिंपडायचं. युरोपातल्या धोबिणीही लिनन असंच गवतावर टाकून पांढरं करायच्या, हे तिनंच आम्हाला सांगितलं होतं. गेटवरचा गार्ड येऊन विचारून गेला, "नवीन काही काम चाललंय का?" ती म्हणाली, "नाही, जुनंच." दुसऱ्या दिवशी परत तेच. सावली येईल तशी चादर उन्हात सरकवत.

बाई परत आल्या त्या दिवशी सुमी दुकानात आली. हातात जेवणाचा डबा आणि म्युझियममधला ॲप्रन.

"दादा, झालं."

मी मूर्खासारखा खुश झालो. "कायम केलं?"

"नाही. धुतला मी तो."

मी काय काय बोललो ते लिहीत नाही. गिऱ्हाइकं निघून गेली एवढं सांगतो. ती तशीच उभी राहिली. मग मागच्या खोलीत जाऊन सिंकशी बसली.

दुसऱ्या दिवशी मी सूट घातला, माझ्याच हाताची कडक इस्त्री, आणि म्युझियममध्ये गेलो. मी सिटीच्या इन्स्पेक्टरशी भांडलोय, घरमालकाच्या वकिलाला गप्प केलंय. मला वाटलं, ह्या बाईंना मी पाच मिनिटांत गुंडाळतो.

बाई मला वर्करूममध्ये घेऊन गेल्या. टेबलावर झगा होता. मी जवळ गेलो. खरं सांगतो, एवढं काम मी आयुष्यात बघितलं नाही. दोनशे वर्षांचं कापड आणि एक धागा हलला नव्हता. कुठे विरलं नाही, कुठे आकसलं नाही. दुधासारखा पांढरा. माझी छाती भरून आली. मग बाईंकडे बघितलं, तर त्यांचे डोळे रडून सुजलेले होते.

"मी तिच्यावर ओरडले नाही," त्या म्हणाल्या. "तिनं काम उत्तम केलंय, हेसुद्धा मला दिसतंय. पण ह्याच्यासारखा दुसरा नाही. जे गेलं ते मला कुठून आणता येणार? आणि मी पुन्हा तिच्या हातात काही देऊ शकत नाही. तुम्ही समजून घ्या."

मी म्हटलं, "शी इज गुड गर्ल."

"मला माहीत आहे. मला फक्त एक सांगा. मी विचारलं का केलंस, तर ती म्हणाली, इट वॉज नॉट फॉर शोइंग. म्हणजे काय?"

आता मला सगळं ठाऊक होतं. आई ठाऊक होती, घाटाचं टोक ठाऊक होतं. सुमीचं बाळ ठाऊक होतं, आणि बाळ गेल्यावरही तिचा ब्लाउज भिजत असणार आणि तो आईनं कुणाला न दिसता धुतला असणार, हे त्या क्षणी, त्या टेबलाशी उभ्या उभ्या मला पहिल्यांदा लक्षात आलं. पण हे इंग्रजीत कसं बोलायचं? रेट सांगायचं इंग्रजी येतं मला, भांडायचं येतं. ह्याचं येत नव्हतं. मी तोंड उघडलं आणि म्हटलं, "अवर मदर... शी वॉशिंग... फॉर लेडीज." बाईंनी बराच वेळ वाट बघितली. मग त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला आणि मला दारापर्यंत सोडलं. तेवढं एक जरी मला धड सांगता आलं असतं, तर नोकरी वाचली नसती कदाचित, पण त्या बाईला कळलं तरी असतं. ह्याची हळहळ मला अजून आहे.

सुमी माझ्या दुकानात परत आली. पण सिंककडे गेली नाही. "मी हेमिंग करते, बटणं लावते, काय वाट्टेल ते करते. धुणं नको देऊ दादा." लेसवाल्या बायकांना मी परत पाठवायला लागलो. माणसं म्हणायची, तुमच्याकडे ती बाई होती ना? मी म्हणायचो, होती.

खोलीचं पुन्हा कुणी बोललं नाही. मंडळाच्या गणपतीला ती आली नाही. मी गेलो, मान ताठ ठेवून. उत्तरा वहिनींनी विचारलंच, "सुमित्राताईंचं काय हो झालं मग?" मी म्हटलं, "म्युझियमला तिच्या लायकीचं काम नव्हतं." सगळे एकदम प्रसादाच्या ताटाकडे वळले. तसं वळणं मला ओळखता येतं.

एक दिवस दुपारी, गिऱ्हाईक नव्हतं तेव्हा, पँटचा काठ दुमडता दुमडता ती म्हणाली, "दादा, चुकलं रे माझं."

मी म्हटलं, "काही चुकलं नाही. आईनं हेच केलं असतं."

"आईनं केलं असतं." तिनं सुई कापडात खोचून ठेवली. "पण आईकडच्या बायका परत यायच्या. धुतलेलं नेसून गावातून फिरायच्या, दुसरं पोर काखेला घेऊन यायच्या. ही कुठे येणार होती? हिचं जगात तेवढंच होतं. तेवढेच दोन डाग. मला वाटलं मी झाकलं तिला. मी पुसून टाकली रे."

 

ऑक्टोबरात प्रदर्शन उघडलं. मी, लतिका आणि दीपा गेलो. सुमी आमच्याबरोबर निघाली, पण म्युझियमसमोर गाडी लावली तेव्हा उतरली नाही. "तुम्ही या बघून. मी बसते."

आत गर्दी होती. राजाच्या शर्टाच्या बाह्या, अत्तराचे हातमोजे, केसांना पावडर लावताना अंगावर घ्यायचा कपडा, चांदीचं तस्त. दीपा प्रत्येक काचेपुढे उभं राहून आत्यानं सांगितलेलं लतिकाला परत सांगत होती. झगा मधल्या काचेत नव्हता. कोपऱ्यात, इतर आतल्या कपड्यांच्या ओळीत होता. खाली छोटं कार्ड, अंगात घालायचा लिननचा झगा, राज्याचं नाव, राणीचं नाव. दुधाबद्दल काही नाही, बाळाबद्दल काही नाही. सुमीबद्दलही नाही. बाईंनी तेवढं सांभाळलं, हे मी मान्य करतो. मी तिथे बाजूला उभा राहिलो. माणसं येत होती, कार्डावर एक नजर टाकत होती आणि पुढच्या सोन्याच्या जरीच्या झग्याकडे वळत होती. शिक्षिका मुलांना घेऊन गेली, ती थांबलीसुद्धा नाही. काय थांबणार? पांढरा झगा. असे ओळीनं सहा होते.

आम्ही गाडीत येऊन बसलो. सुमीनं मागून विचारलं, "कुठे ठेवलाय?"

"कोपऱ्यात," मी म्हटलं.

"लोक थांबतात?"

लतिकानं माझ्याकडे बघितलं. मी काहीतरी बरं बोलणार, तोवर दीपा म्हणाली, "नो, आत्या. नोबडी."

"एकपण नाही?"

"नाही," मी म्हटलं.

सुमीनं पर्स उचलली. मग तिनं शालीचं टोक खोचलं, दार उघडलं आणि रस्ता ओलांडून आत गेली. तिकिटाच्या रांगेत उभी राहिलेली मला गाडीतून दिसली, सगळ्यांसारखीच, पर्स दोन्ही हातांनी धरून.

लतिका म्हणाली, "जाऊ का मी बरोबर?"

"नको," मी म्हटलं.

दीपा मागच्या सीटवर झोपून गेली. बाहेर वारा सुटला होता, तळ्यावरून येणारा. लोक बाहेर पडत होते, हातात प्रदर्शनाची पुस्तकं, कोट सारखे करत. मी उतरून पार्किंगच्या मीटरमध्ये नाणं टाकलं. ते संपलं तेव्हा परत उतरून आणखी एक टाकलं. म्युझियम बंद व्हायची वेळ झाली तरी ती आतच होती.